बुद्धिबळ मंचावरची चर्चा: आरोनियन–आनंद, विक आन झी (नेदरलँड्स) स्पर्धा २०१३: प्रतिभा की घरची तयारी?

डीचार: पांढरी मोहरी आरोनियनकडे, काळी आनंदकडे. ओपनिंग (डावाची सुरुवातीची मांडणी) सेमी-स्लाव्हमधलं मेरान. २३ चालींत आरोनियनने डाव सोडला. लोक याला अजरामर डाव म्हणतात, मला ते पटत नाही. १५...उंट सी५ (आकड्यापुढचे तीन ठिपके म्हणजे काळ्यांची चाल) ही घरी आधीच शोधून ठेवलेली तयारी २०१२च्या गेल्फंडविरुद्धच्या जगज्जेतेपद लढतीसाठीची होती, हे खुद्द आनंदने सांगितलंय. शिवाय बी७ आणि बी६चे उंट, जी४वर घोडा असा साचा १९०७ साली लोड्झला रोटलेवीविरुद्ध रुबिन्स्टाइनने दाखवलाच होता.

काळा उंट: साफ असहमत. १६. उंट ई२वर आनंदने डी७चा घोडा ई५वर टाकला, तेव्हा एफ८चा हत्ती, दोन्ही घोडे आणि सी५चा उंट, चौघंही मारात होते! डी४चं प्यादं सी५च्या उंटाने जखडलेलं (ते कर्णावरून हटलं तर राजा उघडा पडतो), त्यामुळे ई५वर फक्त एफ-प्यादं मारू शकतं. मारलंच तर वजीर डी४ शह, राजा एच१, वजीर जी१ शह, हत्तीने वजीर मारायचा आणि घोडा एफ२ मात. ई२च्या उंटानेच सी२च्या वजिराची एफ२कडची वाट अडवलेली असते.

आणि १९...एफ५ (प्यादं एफ५वर) बघा. तिथे वजीर एच४ खेळायला हात शिवशिवतो. पण २०. वजीर एच७ शह, वजीरावजिरी होते आणि हल्ला संपतो. एफ५ने वजिराचा सी२–एच७ कर्ण बंद होतो, शिवाय पांढऱ्या घोड्याला ई४ मिळत नाही. हे जुन्या साच्यात कुठे होतं?

डीचार: सुंदर आहे, नाही कोण म्हणतं? पण आरोनियन अनोळखी पटावर विचार करत होता आणि आनंदकडे घरचा नकाशा होता. हा फरक मोजायलाच हवा.

स्लाव्हकर: तयारी ही बुद्धिबळाचाच भाग आहे, त्यामुळे माझं मत काळा उंट यांच्या बाजूने. मात्र क्लब पातळीवर आनंदच्या १२...सी५ची (प्यादं सी५वर) आंधळी नक्कल नको. उंट बी७वर आणि हत्ती सी८वर आलेला असल्यामुळेच ती चाल चालते. शेवटची २३...उंट ई३ पाहा: वजिराचं एच३वरचं संरक्षण तुटतं, एच-प्यादं एच५च्या वजिराने जखडलेलं, जी-प्यादं बी७च्या उंटाने. बी७वर उंट नसेल तर एच३ मारणारा वजीर फुकट जाईल. पांढऱ्यांना ही धुमश्चक्री नकोच असेल, तर ६. उंट डी३ऐवजी ६. वजीर सी२ खेळावं.

काळा उंट: ६. वजीर सी२वर ६...उंट डी६ खेळून काळ्यांचा डाव नीट उभा राहतो. त्यात घाबरण्यासारखं काही नाही.