मत्तयातली वंशावळ गाळायची की वाचायची?

नगरी मावशी
काल इथे एकाने सल्ला दिला: "बायबल नव्याने वाचताय? मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या सुरुवातीची येशूची वंशावळ सोडून द्या, रटाळ नावं आहेत नुसती." डोकंच फिरलं.

अहो, त्या नावांत तामार आहे, जिने वेश्येचं सोंग घेऊन सासऱ्याकडून, यहूदाकडून, मूल मिळवलं. यरीहोची वेश्या राहाब आहे. रूथ आहे, ती मवाबी, म्हणजे परक्या मवाब देशातली. मवाब्याला दहाव्या पिढीपर्यंत मंडळीत घेऊ नये असं जुन्या करारातल्या 'अनुवाद' नावाच्या पुस्तकाच्या २३व्या अध्यायात बजावलंय, आणि हिचाच पणतू दावीद राजा! सारा, रिबका ह्या मानाच्या आज्या सोडून मत्तयाने नेमक्या ह्याच घेतल्या. लग्नाआधी दिवस गेलेल्या मरीयेपर्यंत पोचायचं होतं त्याला.

चौकस
चाळीसेक बापांत चार बाया, त्यातही बथशेबाचं नाव नाहीच, 'उरीयाची बायको'. एवढ्यावर खूश? मी आयुष्यभर ऑडिट केलं. चौदा-चौदा पिढ्यांचे तीन गट म्हणतो, पण योराम आणि उज्जीया यांच्यामधले अहज्या, योवाश, अमस्या हे तीन राजे गायब. शेवटच्या गटात शल्तीएलपासून येशूपर्यंत मोजा, तेराच भरतात. मरीयेचा नवरा योसेफ, त्याचा बाप इथे याकोब, लूकच्या शुभवर्तमानात एली. असा ताळेबंद मी परत पाठवला असता.

नगरी मावशी
राजे गाळले, मान्य. चोरून नाही गाळले, राजांच्या पुस्तकांत ती नावं आहेतच. आणि 'उरीयाची बायको' म्हटल्यानेच दाविदाचं पाप, म्हणजे उरीयाला मारवून त्याची बायको घेतली ते, कायमचं चव्हाट्यावर आलं. हे ऑडिटमध्ये बसत नसेल.

निर्मळचा नाना
१७ डिसेंबरला चर्चमध्ये मिस्सात (उपासनेत) ही वंशावळ लागते तेव्हा निम्मे लोक मोबाईल काढतात, हे खरं. पण अवांतर: आमच्या काकाने घराण्याची वंशावळ छापली. मुलगे, नातू, झाडून सगळे. माझ्या चार बहिणी नाहीत! विचारलं तर म्हणे, "पोरी परक्या घरच्या." त्यातल्या धाकटीने आजीचं शेवटपर्यंत केलं. काका फक्त दफनाला आला होता.

खडूस
अवांतराला +१. एका तीर्थक्षेत्री उपाध्यांच्या वहीत आमचे खापरपणजोबा सापडले. त्यांच्या बायकोचं नाव विचारलं तर गुरुजी हसले.

चौकस
धागा मत्तयाचा आहे, नानांच्या काकांचा नाही.

निर्मळचा नाना
वा! तीन हजार वर्षांपूर्वीचे राजे गाळलेले तुम्हाला बोचतात, माझ्या जिवंत बहिणी गाळलेल्या नाही बोचत!

चौकस
बरं बाबा, काका चुकले. मग जुन्या करारातल्या एज्राच्या पुस्तकाचं काय? बाबेलहून परतलेल्या ज्या याजकांना वंशावळीत आपली नोंद सापडली नाही, त्यांना अशुद्ध ठरवून याजकपदावरून काढलं. दुसरा अध्याय काढून बघा. वंशावळी असतातच माणसं हाकलायला.

नगरी मावशी
म्हणून तर म्हणते, मत्तय वाचा! एज्राला मानणाऱ्या लोकांसमोरच त्याने मवाबी बाई पहिल्या पानावर आणून बसवली. आमच्याकडे पणजोबांपासून बाप्तिस्मा झालेला, तरी माझ्या लेकीच्या सोयरिकीत पाहुण्यांनी विचारलंच, "तुम्ही मूळचे कोण?" सोयरीक मोडली. हा प्रश्न ज्याच्या वाट्याला आलाय, त्याला ती नावं रटाळ वाटत नाहीत.

चौकस
वाईट झालं, मनापासून म्हणतो. पण एलीचा घोळ सुटला नाही तो नाहीच.

खडूस
आणि ९६९ वर्षं जगलेला मथुशलह? बायबलच्या उत्पत्ती पुस्तकातले आकडे जुळवले तर जलप्रलयाच्याच वर्षी मरतो. बुडाला की काय म्हातारा?

निर्मळचा नाना
त्याला मुलगे आणि मुली झाल्या असंही तिथंच लिहिलंय. एखादीचं नाव सापडलं तर कळवा.