बागसफाईचा छोटा धंदा आहे, ४५ हजारात कुठली मशीनं घेऊ? ग्रास कटर, हेज ट्रिमर, चेनसॉ

गुहागरचा_माळी
नमस्कार मंडळी, जरा सविस्तर लिहितोय, मदत करा. मी गुहागर तालुक्यात असतो, दोन वर्षं झाली मुंबईकरांची बंद घरं, त्यांची आवारं, दोन होमस्टेच्या बागा असं सांभाळतोय. मी आणि चुलतभाऊ असे दोघंच, काम जास्त असलं तर एखादा गडी रोजावर घेतो. आतापर्यंत सगळं कोयतीवर चाललंय, ग्रास कटर लागला तर गावातल्या एकाचा भाड्याने आणतो, पण गणपतीच्या आधीच्या पंधरा दिवसांत तो स्वतःच्याच कामाला असतो आणि नेमके तेव्हाच सगळ्या चाकरमान्यांचे फोन येतात की आम्ही येतोय, आवार आणि पाखाडी (दगडी पायऱ्यांची वाट) साफ करून ठेव. यंदा चार घरांना नाही म्हणावं लागलं, फार वाईट वाटलं.

काम कसलं तर पावसात कमरेएवढं वाढलेलं गवत, रानमोडी, घाणेरी, करवंदीच्या जाळ्या, गडग्याला (दगडी बांधाला) लागून आलेली झुडपं. होमस्टेला मेंदी आणि डुरांटाचं कुंपण आहे, सगळं मिळून दीडेकशे फूट असेल. आणि मे महिन्यात कौलांवर आलेल्या फांद्या, कधीतरी पडलेलं झाड.

ऑनलाइन एक सेट बघितलाय, ५२ सीसी टू स्ट्रोक, एकाच इंजिनाला गवताचं हेड, हेज ट्रिमर, लांब दांड्याची करवत सगळं लागतं, १५ हजारात. तो घेतला आणि वर ५८ सीसीचा चेनसॉ घेतला तरी पैसे उरतात. का एकच चांगलं मशीन घ्यावं? टू स्ट्रोक का फोर स्ट्रोक? सबसिडी मिळते का? सातबारा वडिलांच्या नावावर आहे.

दापोलीतला_बेणणीवाला
भाऊ, तो सेट मी घेतला होता, तसलाच, म्हणून कळकळीने सांगतो. पहिलं वर्ष छान गेलं. दुसऱ्या वर्षी गणपतीच्या आठवडाभर आधी क्लचचा ड्रम फुटला, विकणारा कुठल्या तरी दुसऱ्या राज्यातला, फोन उचलेना, दापोलीत पार्ट मिळेना, खेडला मिळाला तो बसेना. चार दिवस मशीन बंद, आणि सहा घरांचे पैसे आगाऊ घेतलेले. शेवटी पाच गडी लावून कोयतीने काम काढलं, त्या हंगामात हातात काही राहिलं नाही.

तेव्हापासून माझा नियम एकच, मशीन निवडायच्या आधी मेकॅनिक निवडायचा. चिपळूणला किंवा रत्नागिरीला जा, जो रोज अशी मशीनं उघडतो त्याच्याकडे उभा राहा आणि विचार की कार्बोरेटर, क्लच, दोरीचा स्टार्टर आणि गिअर हेड (दांड्याच्या टोकाची, ब्लेड फिरवणारी पेटी) कुठल्या मशीनचं तुझ्या कपाटात आत्ता आहे. तो ज्या मशीनचं नाव घेईल त्यातलं घे. बाकी सीसी आणि एचपीचे आकडे नंतर.

दुसरं, तुझं काम मोज. तूच लिहिलंयस त्यात बहुतेक सगळं गवत आणि झुडपं आहेत. मग पैसाही तिथेच घाल. मी आता होंडाच्या ३५ सीसी फोर स्ट्रोक इंजिनवर आहे, चौथं वर्ष. ताकद ५२ सीसीच्या टू स्ट्रोकएवढी वाटत नाही हे खरं, जाड करवंदीत जरा दमाने घ्यावं लागतं, पण पेट्रोलमध्ये ऑइल मिसळायची भानगड नाही, तासाला पाऊण लिटरच्या आत जातं, आवाज कमी, आणि आडवं तिडवं कसंही धरलं तरी चालतं. इंजिन ऑइल लागतं फक्त १०० मिली. पहिलं १० तासांनी बदलायचं, मग दर ५० तासांनी, आणि रोज सकाळी लेव्हल बघायची. एवढंसं ऑइल असल्यामुळे थोडं कमी झालं तरी इंजिन बसतं, हे गड्याला दहा वेळा सांगून ठेव.

साइडपॅक (पट्ट्याने खांद्याला अडकवून बाजूला धरायचं मशीन) की बॅकपॅक (इंजिन पाठीवर), तर मी दोन्ही वापरलंय. सपाट आवार असेल आणि ब्लेड लावून झुडपं कापायची असतील तर सायकलच्या हँडलसारखी मूठ असलेला साइडपॅक, ब्लेडवर ताबा राहतो. उतारावर आणि पाखाडीच्या पायऱ्यांवर बॅकपॅक सोपा. तुझ्या कामाला साइडपॅकच घे, पण त्याच्यासोबत येणारा एकाच खांद्याचा पट्टा बाजूला ठेवून दोन्ही खांद्यांवरचा चांगला पट्टा वेगळा घे. दिवसाला सहा तास ते ओझं एका खांद्यावर घेतलं तर महिन्याभरात पाठ धरते.

कुडाळचा_फिटर
वरच्या दादांनी सांगितलं ते बरोबर आहे, मी दुरुस्तीच्या बाजूने सांगतो. टू स्ट्रोक वाईट नसतो, हलका असतो, रान तोडायला जोर चांगला. माझ्याकडे जी टू स्ट्रोक बसलेली येतात त्यातली बहुतेक चुकीच्या मिश्रणाने बसलेली असतात. चांगल्या कंपनीचं मशीन आणि चांगलं ऑइल असेल तर एक लिटर पेट्रोलला २० मिली ऑइल, म्हणजे १:५०, आणि स्वस्तातल्या बऱ्याच मशीनना १:२५, म्हणजे लिटरला ४० मिली. पुस्तकात काय लिहिलंय ते बघा आणि मापाची बाटली वापरा, झाकणाने अंदाजे ओतू नका. दोघं-तिघं आलटून पालटून मशीन चालवणार असाल तर एक जण कधीतरी साधं पेट्रोल घालतोच आणि मग पिस्टन चिकटतो.

आता पेट्रोल. हल्ली पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल येतं आणि इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं. आपल्याकडे जून ते सप्टेंबर भिंतीसुद्धा ओल्या असतात, मग अर्धी भरलेली टाकी महिनाभर ठेवली की पाणी खाली बसतं, कार्बोरेटरचा डायफ्राम कडक होतो, प्राइमरचा बल्ब चिकट होऊन फुटतो. लोक म्हणतात मशीन खराब निघालं. काम संपलं आणि आठ-दहा दिवस मशीन लागणार नसेल तर टाकी रिकामी करा, मग चालू करून आपोआप बंद पडेपर्यंत चालवा, कार्बोरेटर कोरडा होतो. पेट्रोलसुद्धा आठवड्याला लागेल तेवढंच आणायचं. समुद्राजवळ असाल तर दांड्यावर आणि ब्लेडवर ऑइलचं फडकं फिरवा, खाऱ्या वाऱ्याने नटबोल्ट दोन महिन्यांत धरतात.

गिअर हेडला ग्रीस दर २०-२५ तासांनी. बाजूला एक स्क्रू असतो, तो काढून भरायचं. हे कोणीच करत नाही आणि गिअरचे दात गेले की हजाराच्या वर खर्च.

आणि ब्लेडबद्दल, हे जिवाचं आहे म्हणून लक्ष देऊन वाचा. आपल्याकडे जांभा दगड सगळीकडे, गवतात दिसत नाही. ब्लेड वरून बघितलं तर घड्याळाच्या उलट फिरतं, म्हणून कापताना उजवीकडून डावीकडे झुलवायचं. ब्लेडवर घड्याळ आहे असं समजा, १२ म्हणजे आपल्यापासून लांबची समोरची बाजू, आणि १२ ते ३ मधला भाग खोडाला किंवा दगडाला लागू देऊ नका, तिथे लागलं की मशीन झटक्यात उसळून माणसाकडे किंवा शेजारच्याकडे येतं. गडग्याच्या आणि जोत्याच्या कडेला लोखंडी ब्लेड नकोच, नायलॉनची दोरी लावा, दोरी जास्त खपेल पण खपू दे. दोरीने खडे उडतात, १५ मीटरच्या आत कोणी माणूस, गाडी, काचेची खिडकी नको. तोंडावर जाळी, डोळ्याला चष्मा, पायात गमबूट आणि नडगीला गार्ड, हे पैसे मशीनच्या किमतीतच धरा. गमबूट फुरशासाठीसुद्धा, तो विषारी साप एवढासा असतो आणि पाचोळ्यात बसलेला दिसत नाही.

देवगडचा_कलमवाला
दोन गोष्टी माझ्याकडून, मी मशीनवाला नाही, बागायतदार आहे, तुमच्यासारख्यांना काम देणारा.

मशीनवाला पोरगा आला की मी आधी त्याला कलमांच्या बुंध्याजवळ काय करतोस ते विचारतो. तीन वर्षांपूर्वी एकाने माझ्या नवीन लागवडीतली अकरा कलमं नायलॉनच्या दोरीने सोलून ठेवली, साल सगळ्या बाजूने गोल निघाली की कलम वरून हिरवं दिसतं आणि दोन महिन्यांत वाळतं. त्याला कळलंही नाही आणि माझी चार वर्षांची वाढ गेली. बुंध्याभोवती हातभर जागा कोयतीने किंवा हाताने बेणायची, म्हणजे गवत काढून साफ करायची, मशीन बाहेरून फिरवायचं. हे करणारा माणूस मिळाला तर मी त्याला दिवसाला शंभर रुपये जास्त देतो आणि दरवर्षी त्यालाच बोलावतो. माझ्यासारखे इथे खूप आहेत. तुमच्याकडे गणपतीनंतर काम कमी होत असेल तर आंब्या-काजूच्या बेणणीकडे वळा, पाऊस सरला की आंब्याची बेणणी, आणि काजूची जमीन फेब्रुवारीच्या आधी स्वच्छ लागते कारण बी खाली पडते ती वेचायची असते. एकाच मशीनवर पाच-सहा महिने काम निघेल.

दुसरं चेनसॉ. आत्ता घेऊ नका असं माझं स्पष्ट मत. २०२० ला निसर्ग आणि २०२१ ला तौक्ते वादळ झालं तेव्हा हौसेने किती जणांनी चेनसॉ घेतले, आणि पडलेल्या झाडाला ताण कुठे आहे ते न बघता कापायला गेले. आमच्या वाडीतल्या एकाच्या मांडीला ३२ टाके पडले. बारच्या (साखळी फिरते त्या पट्टीच्या) टोकाचा वरचा भाग लाकडाला टेकला की मशीन उलटं तोंडाकडे येतं, शिडीवर उभं राहून किंवा एका हाताने तर कधीच नाही. महिन्यातून एकदा लागणार असेल तर शिकलेल्या माणसाला मशीनसकट बोलवा, तुमचा थोडा हिस्सा ठेवून. फांद्यांना लांब दांड्याची हाताची करवत पुरते.

आणि महाराष्ट्रात झाडतोडीचा १९६४ चा कायदा आहे. आंबा, फणस, साग, खैर, ऐन, किंजळ, जांभूळ, चिंच ही सगळी त्याच्या अनुसूचीत येतात, मालकाच्या जमिनीतलं झाड असलं तरी परवानगी लागते. मुंबईचा मालक फोनवर सहज सांगतो की तो फणस काढून टाक, आणि पंचनामा होतो तेव्हा जागेवर तुम्ही असता. परवानगीचा कागद हातात घेतल्याशिवाय हात लावू नका. खाडीकाठच्या प्लॉटवर कांदळवन असेल तर फांदीसुद्धा नाही. वायरीजवळची फांदी असेल तर महावितरणला सांगून लाइन बंद करून घ्या.

मालवणची_होमस्टेवाली
हेजबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. दादा, दीडशे फुटांसाठी पेट्रोलचा हेज ट्रिमर घेऊ नका. मी स्वतः विजेवरचा वापरते, वायरचा, चार हजाराच्या आत आला, पाच वर्षं झाली. पावसात आणि ओल्या कुंपणावर तो चालवायचा नाही, आणि वायर नेहमी खांद्यावरून मागे टाकायची, नाहीतर आपणच कापतो. तुम्हाला दोन-तीन ठिकाणी फिरायचंय तर बॅटरीचा बघा, पण दोन बॅटऱ्या असतील तरच, एक बॅटरी पाऊण ते एक तासात संपते. पाहुणे सकाळी आठला झोपलेले असतात तेव्हा पेट्रोलचं मशीन सुरू केलं की मालकाचं तोंड वाकडं होतं, बॅटरीवाल्याला कोणी काही बोलत नाही.

कापायच्या आधी दातांमधलं अंतर बघा, त्यात मावेल तेवढीच फांदी कापते. जुनी, जाड झालेली मेंदी आधी कात्रीने मोकळी करून घ्या. आणि कुंपण वर अरुंद, खाली रुंद ठेवा, म्हणजे खालच्या पानांना ऊन मिळतं आणि बुडाशी उघडं पडत नाही, हे केल्यापासून माझी मेंदी जमिनीपासून भरलेली आहे. काम झालं की पात्यांवरचा चीक रॉकेलच्या फडक्याने पुसून थोडं ऑइल. डुरांटाला काटे असतात, हातमोजे चामड्याचे घ्या. आणि आत हात घालून घरटं आहे का बघत जा, बुलबुल तिथेच करतात.

गुहागरचा_माळी
सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं कोणी समजावून सांगत नाही. बुंध्याची गोष्ट मला माहीतच नव्हती, दोन होमस्टेत नवीन कलमं आहेत, उद्याच भावाला दाखवतो. ठरवलंय असं की सेट रद्द, चेनसॉ रद्द, फोर स्ट्रोक साइडपॅक आणि छोटा हेज ट्रिमर. सबसिडीचं कोणी सांगेल का? आणि दोघांना एकच मशीन पुरेल का?

दापोलीतला_बेणणीवाला
सबसिडी महाडीबीटी पोर्टलवर कृषी यांत्रिकीकरणात, ब्रश कटर नावाने बघ. अर्ज वडिलांच्या नावाने करावा लागेल कारण सातबारा त्यांचा, शेतकरी ओळख क्रमांक आधी काढून घ्या. अल्पभूधारक, महिला, अनुसूचित जाती-जमाती यांना साधारण ५० टक्के, बाकीच्यांना ४०, तेही ठरलेल्या मर्यादेत. सगळ्यात महत्त्वाचं, पूर्वसंमती पत्र यायच्या आधी मशीन घेतलं तर पैसे मिळत नाहीत, बिल त्यानंतरच्या तारखेचं लागतं. त्याला वेळ जातो. आत्ता बेणणीचा हंगाम सुरू झालाय, तेव्हा मी तुझ्या जागी असतो तर पहिलं मशीन रोखीने घेऊन कामाला लागलो असतो आणि दुसऱ्यासाठी आत्ता अर्ज टाकला असता.

एक मशीन दोघांना पुरतं. एक जण चालवतो, दुसरा पुढे दगड, बाटल्या, तारा उचलतो आणि बुंधे बेणतो, टाकी संपली की अदलाबदल. माझी दोन माणसं अशीच करतात आणि एकटा दिवसभर चालवणाऱ्यापेक्षा जास्त काम उरकतं.

गुहागरचा_माळी
हे पटलं. शनिवारी चिपळूणला जातोय. फिटर दादा, दुकानात काय काय बघून घेऊ?

कुडाळचा_फिटर
मशीन थंड असताना स्वतः दोरी ओढून चालू करा, दुकानदाराने आधीच गरम करून ठेवलेलं असेल तर थोडं थांबा. रेस सोडल्यावर हेड फिरायचं थांबलं पाहिजे, फिरत राहिलं तर आयडलिंग (रेस न देता इंजिन चालतं तो वेग) तिथेच कमी करून घ्या. एअर फिल्टर, स्पार्क प्लग, नायलॉनचं एक जादा हेड आणि स्टार्टरची दोरी त्याच दिवशी घेऊन या, हंगामात रविवारी दुकान बंद असतं. बिलावर इंजिन नंबर लिहून घ्या. आणि शाफ्टची जाडी विचारा, २६ मिमी की २८, ते मोबाइलमध्ये लिहून ठेवा, पुढे कुठलाही जोड घ्यायचा झाला तर पहिला प्रश्न तोच येतो.