गाडी तपासणीला न्यायची आहे, आधी काय काय बघू?

खटाराप्रेमी
मंडळी, १४ वर्षांची पेट्रोल हॅचबॅक आहे, तपासणी तीन आठवड्यांवर आलीये. मागच्या वेळी दोन कारणांनी परत पाठवली होती: पुढच्या डाव्या-उजव्या ब्रेकमध्ये फरक, आणि पिवळट हेडलाइट. गॅरेजवाल्याने काहीतरी ठोकठाक केली आणि कशीबशी पास झाली. आता भरीत भर म्हणून इंजिनचा पिवळा दिवा मधूनच लागतो. मित्र म्हणतो, आदल्या दिवशी स्कॅनर लाव, गाडीच्या कॉम्प्युटरने नोंदवलेला बिघाडाचा कोड पुसून टाक, झालं काम. खरंच होतं का? घरी काय बघता येईल आणि गॅरेजवर काय सोडावं? पान्हा धरता येतो, त्यापुढे फार मजल नाही.

पान्हा_दहा
मित्राचं ऐकू नका. कोड पुसला की गाडीच्या कॉम्प्युटरने स्वतःवर केलेल्या चाचण्यांचे निकालही पुसले जातात. स्कॅनरवर ते 'रेडीनेस' म्हणून दिसतात. जिथे तपासणीत स्कॅनर लावतात तिथे सगळं 'अपूर्ण' दिसलं की समोरच्याला लगेच कळतं, कालच कोणीतरी पाटी कोरी केलीये. बॅटरीची वायर काढली तरी बहुतेक गाड्यांत तेच होतं.

त्या चाचण्या परत पूर्ण व्हायला गाडी थंड असताना सुरू करून, थोडी गर्दीत, थोडी मोकळ्या रस्त्यावर एकसारख्या वेगाने, अशी काही दिवस चालवावी लागते. कॅटॅलिटिक कन्व्हर्टरची (एक्झॉस्टमधला धूर साफ करणारा डबा) आणि पेट्रोलच्या वाफेची (टाकीतली वाफ बाहेर गळते का ते बघणारी), या दोन सगळ्यात आळशी. वाफेची तर टाकी काठोकाठ भरलेली किंवा तळाला गेलेली असली की सुरूच होत नाही. म्हणून कोड आजच वाचा. नुसता वाचा. दुरुस्ती झाल्यावर पुसा आणि मग दोन आठवडे गाडी वापरा.

बल्बच काढून टाकायची आयडिया कोणी दिली तर तीही नको. किल्ली फिरवल्यावर दिवा लागायला हवा आणि इंजिन चालू झालं की विझायला हवा, दोन्ही बघतात. एबीएस आणि एअरबॅगच्या दिव्यांचंही तेच.

तेलकट_हात
ब्रेकबद्दल. ठोकठाक करून फरक जात नाही, तपासणीत चाकं ज्यावर फिरवून ब्रेक मोजतात तो रोलर फसत नाही. तिथे दोन्ही चाकांचा जोर वेगवेगळा मोजला जातो, आणि एकाच अ‍ॅक्सलवर ३० टक्क्यांच्या वर फरक गेला तर बऱ्याच नियमांत गाडी नापास.

घरी बघायचं असेल तर पंधरा-वीस मिनिटं गाडी चालवा, ब्रेक जमेल तितका कमी वापरत थांबा आणि पुढच्या दोन्ही रिमच्या जवळ हात न्या. टेकवू नका, भाजेल. एक बाजू जास्त तापली असेल तर तिथला ब्रेक सुटत नाहीये. बहुतेक वेळा कॅलिपर (ब्रेक पॅड डिस्कवर दाबणारा भाग) ज्या दोन पिनांवर सरकतो त्या आखडलेल्या असतात. माझ्या गाडीत पिन हाताने निघेना, पान्ह्याने पिळून पिळून काढली तर मधोमध गंजाचं कडं आणि ग्रीसचं पार डांबर झालेलं. आतला पॅड पत्र्याला टेकायला आलेला, बाहेरचा अर्धाही झिजला नव्हता. आणि मी इतके महिने रिमच्या फटीतून तो बाहेरचाच बघून 'चिक्कार आहे अजून' म्हणत होतो.

पिना साफ करून ब्रेकसाठी मिळतं तेच ग्रीस लावायला सांगा. साध्या ग्रीसने रबर फुगतं आणि पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. ब्रेक ऑइल दोन वर्षांत बदललं नसेल तर तेही बदला. ते हवेतला ओलावा ओढतं. डॉट ४ प्रकारचं ब्रेक ऑइल नवीन असताना निदान २३० अंशांना उकळतं, ओलावा शोषल्यावर हीच हद्द १५५ पर्यंत खाली येते.

निवांत_चालक
हेडलाइटचं घरी होतं. काच म्हणतो आपण, पण असतं प्लास्टिक, उन्हाने वरचा थर पिवळा पडतो. १०००, मग २०००, मग ३००० नंबरचा पॉलिश पेपर, पाणी मारत मारत, आणि शेवटी पॉलिश. कडेच्या पेंटवर आधी टेप लावा (मी लावली नव्हती, बॉनेटची कड अजून बघवत नाही). त्यावर यूव्ही कोटिंग मारलं नाही तर काही महिन्यांत पुन्हा पिवळट.

मग सपाट जागेवर भिंतीपासून ५ मीटरवर गाडी उभी करा. दिव्याच्या मध्याची उंची भिंतीवर टेपने आखा. डिपरची वरची रेघ त्या खुणेच्या साधारण ५ सेंटीमीटर खाली पडायला हवी, म्हणजे एक टक्का उतार. डॅशबोर्डवर उंचीची चकती असेल तर आधी शून्यावर. हॅलोजनच्या घरात एलईडी बल्ब बसवला असेल तर जुना परत लावा, तो उजेड भलतीकडेच सांडतो.

डिक्कीतला_जॅक
टायर कोणीच बोललं नाही! स्टेअरिंग पूर्ण वळवा आणि चाकाची आतली कड बघा, टक्कल तिथे लपलेलं असतं. बहुतेक ठिकाणी मर्यादा १.६ मिमी. खाचांच्या तळाशी आडव्या पट्ट्या असतात, रबर झिजून त्यांच्या पातळीला आलं की टायर संपला.
बाकी फुटकळ: नंबर प्लेटवरचा दिवा, वायपर, काचेवरचं पाणी, हॉर्न, सगळे सीट बेल्ट पूर्ण ओढून. ब्रेक लाइट बघायला माणूस नसेल तर गाडी भिंतीला पाठ करून लावा.

पान्हा_दहा
आणि नेताना इंजिन चांगलं तापवून न्या. कन्व्हर्टर २५०-३०० अंशांच्या खाली जवळजवळ झोपलेलाच असतो. रांगेत तासभर इंजिन बंद करून थांबलात तर सगळी मेहनत पाण्यात.

खटाराप्रेमी
सगळ्यांचे आभार. नऊ दिवसांनी अपडेट देतोय. कोड पी०१३५ निघाला, ऑक्सिजन सेन्सरचा हीटर गेलेला. सेन्सर बदलला, मगच कोड पुसला. डावं चाक खरंच तापत होतं, पिन अगदी तेलकट_हात म्हणाले तशी, पॅडची जोडी नवीन टाकली. हेडलाइट चकाचक (टेप लावली होती!). स्कॅनरवर आता सगळं पूर्ण दिसतंय, फक्त वाफेचं अपूर्ण.

पान्हा_दहा
टाकी किती आहे? अर्ध्याच्या आसपास असू द्या, रात्रभर उभी ठेवा आणि सकाळी थंड असतानाच काढा.

खटाराप्रेमी
अरे देवा. कालच फुल्ल केली.