नव्या मशीनवरचं पहिलं लॉगिन आयटीवाल्याने समोर बसूनच करून घ्यावं

कोरीपाटी:
परवा ऑफिसात माझ्या टेबलावर नवा संगणक आला. आयटीतल्या मुलाने तो जोडला, विंडोज टाकलं, चिठ्ठीवर तात्पुरता पासवर्ड लिहून दिला आणि दुसऱ्या शाखेत निघून गेला. मी चिठ्ठी समोर धरून एकेक अक्षर दाबलं. 'पासवर्ड चुकीचा'. पाच वेळा तेच, मग खातं लॉक. फोन केला तर म्हणे, "मॅडम, नीट बघून टाका, कॅप्स लॉक चालू असेल." नव्हता. पासवर्ड बदलून दिला, तरी तेच. साडेदहा ते दोन हेच चाललं, तेही महिनाअखेरीला.

शेवटी कॅशियरकाका म्हणाले, "पासवर्डच्या चौकटीत डोळ्याचं चिन्ह आहे ना, ते दाबून धर." काळ्या ठिपक्यांच्या जागी अक्षरं दिसली. मी 'ॲट'चं चिन्ह दाबत होते आणि तिथे दुहेरी अवतरणचिन्ह उमटत होतं! विंडोज टाकताना कीबोर्ड इंग्लिश यूके निवडला गेला होता. त्या मांडणीत या दोन चिन्हांच्या जागा उलट असतात. कीबोर्डवर छापलेली मांडणी मात्र अमेरिकन.

म्हणून माझं स्पष्ट मत आहे: ज्याचं मशीन त्याला समोर बसवून एकदा लॉगिन करून घ्यावं, मगच मशीन मिळाल्याची सही घ्यावी. आणि 'पासवर्ड चुकीचा' आलं की माणूसच चुकला, असं धरून चालू नये.

सर्व्हररूम:
ताई, त्रास झाला हे खरं, पण हे मत पटत नाही. मी चार शाखा एकटा बघतो. एकेकाजवळ बसायचं म्हटलं तर बाकीच्यांची कामं अडतात. शिवाय लॉगिनच्या दहा तक्रारींत आठ वेळा कॅप्स लॉक किंवा नम लॉकच निघतो, म्हणून पहिला प्रश्न तोच विचारतो. त्यात अपमान काही नाही. डोळ्याचं चिन्ह दाबून बघणं प्रत्येकाला यायलाच हवं.

मिरजकर:
दादा, उरलेल्या दोघांचं काय? माझ्या भाच्याला कंपनीने लॅपटॉप कुरिअरने घरी पाठवला. पासवर्ड बरोबर, तरी आत शिरता येईना. दोन दिवस "पुन्हा टाका, पुन्हा टाका". कारण वेगळंच होतं. कंपनीच्या डोमेनमधल्या, म्हणजे ज्याची खाती ऑफिसच्या सर्व्हरवर असतात अशा, मशीनवर पहिल्यांदा लॉगिन करताना मशीनला तो सर्व्हर दिसावा लागतो, कारण त्या माणसाची नोंद मशीनवर अजून नसतेच. एकदा लॉगिन झालं की विंडोज ती नोंद साठवतं, म्हणून जुना लॅपटॉप नेट नसतानाही उघडतो. घरून ऑफिसच्या नेटवर्कला जोडणारं व्हीपीएन लॉगिननंतर सुरू होणार आणि लॉगिन व्हीपीएनशिवाय होणार नाही! ऑफिसात बसवून एकदा लॉगिन करून दिलं असतं तर दहा मिनिटांचं काम होतं. कोरीपाटींना पूर्ण अनुमोदन.

हिशेबनीस:
मला दोन्ही बाजू अपुऱ्या वाटतात. मूळ दुखणं पासवर्डच्या नियमांत आहे. एक चिन्ह हवं, एक आकडा हवा, दर तीन महिन्यांनी बदला. अमेरिकेच्या निस्ट संस्थेने २०१७ सालीच सांगितलं की मुदत घालून पासवर्ड बदलायला लावू नका, चिन्हांची सक्तीही नको, लांबी महत्त्वाची. मायक्रोसॉफ्टनेही २०१९ मध्ये विंडोजच्या सुरक्षा शिफारशींतून ही मुदत काढली. लांब पण साधा पासवर्ड असता तर ताईंचा 'ॲट' आडवा आलाच नसता.

सर्व्हररूम:
मुदतीचं मान्य. पण तात्पुरता पासवर्ड पहिल्या लॉगिनला बदलायला लावणं सोडता येणार नाही, तो मलाही माहीत असतो ना. आणि बदलल्यावर लोक मोबाइलवरच्या मेलमध्ये जुना तसाच ठेवतात. फोन मागच्या मागे तोच पाठवत राहतो, खातं पुन्हा लॉक होतं आणि खापर आमच्यावर.

मिरजकर:
मग हे मशीन देतानाच सांगा की. लॉगिनला पासवर्डऐवजी टाकतात त्या पिनचंही सांगा. जुन्या मशीनचा पिन त्या मशीनपुरताच असतो, नव्यावर चालत नाही. हे कुणी सांगितल्याशिवाय कळायचं कसं? आमच्याकडे एक बाई सकाळभर तोच टाकत होत्या.

कोरीपाटी:
सर्व्हररूम, चार शाखा एकट्याने बघणं सोपं नाही, ते मी आमच्या आयटीतल्या मुलाकडे बघून रोज समजते. पण तो त्या दिवशी माझ्यासाठी सहा वेळा फोनवर आला आणि संध्याकाळी कीबोर्डची मांडणी बदलायला परत चालत आला. आधी पाच मिनिटं थांबला असता तर त्याचाही दिवस वाचला असता. काल दुसऱ्या टेबलावर मशीन आलं, तेव्हा मीच त्याला खुर्ची ओढून दिली. तो बसला. यूकेच निघालं.