पहिली जुनी मोटरबोट, बेताच्या पैशांत : तुमचे अनुभव लिहा

खाडीकाठची
काल दिवाळीची साफसफाई काढली. माळ्यावरच्या एका बरणीत लाल रंगाची पिळदार दोरी सापडली, टोकाला प्लॅस्टिकची क्लिप. लेकीनं विचारलं, "आई, हे काय गं?" आणि माझा अख्खा दिवस २०११ मध्ये गेला. आमच्या पहिल्या बोटीची ती किल-स्विचची दोरी. मनगटात अडकवायची. चालवणारा पाण्यात पडला तर क्लिप ओढली जाते आणि मशीन तिथल्या तिथे बंद.

आम्ही दाभोळ खाडीच्या काठचे. बाबा एसटीत, त्यामुळे समुद्रावर घर कधी चाललं नाही. दादानं आणि मी घरच्याच चार खोल्या पर्यटकांसाठी काढल्या होत्या आणि येणारा प्रत्येक जण विचारायचा, डॉल्फिन दाखवाल का? दर वेळी दुसऱ्याच्या बोटीसाठी फोनाफोनी. शेवटी ठरवलं की आपलीच घ्यायची. जमलेले पैसे एक लाख दहा हजार. त्यात नवी फायबर बोट आणि वर नवं मशीन बसणंच शक्य नव्हतं.

पहिली बोट हर्णैला बघितली. ताजा निळा रंग, नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकावर, झेंडूची माळ. दादा तिथल्या तिथे पैसे मोजायला निघाला होता. सोबत वाडीतले एक काका होते, तीस-पस्तीस वर्षं तांडेल, म्हणजे बोटीचे कप्तान, म्हणून काढलेले. त्यांनी रंगाकडे बघितलंसुद्धा नाही. खिशातून पाचाचं जाड नाणं काढलं आणि मशीन बसतं ती मागची फळी वरून खाली ठोकत गेले. टण, टण, टण, आणि मध्येच थप. दोन बोटं सरकून परत थप. मला म्हणाले, "कान लाव." मी कान लावला. एकाच फळीचे दोन आवाज. बाहेरून फायबर, आत प्लायवूड. बोल्टच्या भोकातून पाणी झिरपलं की आतलं प्लाय कुजतं आणि वरून काही दिसत नाही. सगळं मशीन त्या फळीला लटकलेलं. विकणाऱ्याला काका एवढंच म्हणाले, "बघतो, कळवतो."

तिसरी बोट घेतली. अठरा फुटी, आठ हॉर्सपॉवरचं टू-स्ट्रोक यामाहा, ब्याण्णव हजार. रंग उडालेला, बाकडं मोडकं, पण फळी इकडून तिकडे टणटणीत. सात वर्षं चालली ती आमच्याकडे.

काका आता नाहीत. ती दोरी हातात आली आणि त्यांचं नाणं आठवलं, म्हणून लिहायला बसले. तुम्हीही लिहा. फसलात तेही लिहा, जमलं तेही.

वाळूवरची_पावलं
"कान लाव" वाचून अंगावर काटा आला. काकांना नमस्कार.

चिवला
आमच्या मालवणात मे म्हयन्यात बोटी इकूक काडतत. घेवची झाली तर तेव्हाच घेवची, भाव पडलेलो आसता. पन पान्यात चालवन बगल्याशिवाय पैसे देव नुको. एकदा बोट वर काडून झापांनी शाकारल्यानी की आत काय हा तां देवाकच ठावक. माज्या भावान जूनात घेतल्यान. नारळी पौर्णिमेक नारळ देवन पान्यात काडली तर तळातसून पानी! बाल्दी घेवन आमी दोगव.

स्वयंपाकघरातून
नवऱ्यानं बोट घेतली, हिशेब मी ठेवला. वही अजून आहे, तीच समोर घेऊन लिहितेय. बोट आणि मशीन मिळून ७५,०००. टेम्पो आणि चढवायला-उतरवायला माणसं ६,५००. सहा लाईफ जॅकेट ५,४००. नांगर आणि दोर ३,२००. पेट्रोलची टाकी गळत होती, ती आणि नळी ४,०००. पाणी खेचणारं रबरी इम्पेलर, प्लग, गिअर ऑइल, मजुरी ३,८००. तळाला रंग २,६००. झाले किती? एक लाख पाचशे. म्हणजे एक लाख खिशात असतील तर पंचाहत्तरपर्यंतचीच बोट बघायची, वरचे पैसे तिला स्वतःला लागतात. हे मला आधी कुणी सांगितलं असतं तर त्या वर्षी मुलाची फी भरायला धावपळ झाली नसती.
भाजी लागली बहुतेक, येते.

खाडीकाठची
@स्वयंपाकघरातून, वही जपून ठेवा. आमचंही असंच, बोटीमागून पहिल्या दोन महिन्यांत बावीस हजार गेले.

पाना_पक्कड
अलिबागकडे आऊटबोर्डची, म्हणजे बोटीच्या मागच्या फळीला बाहेरून लटकवायच्या मशीनची, कामं करतो. थोडक्यात लिहितो, गिऱ्हाईक थांबलंय.
मशीन थंड असताना चालू करून बघा. तुम्ही पोचायच्या आधी चालवून ठेवलं असेल तर मशीनच्या डोक्यावर हात ठेवला की कळतं. गरम मशीन कुणाचंही चालू होतं.
पिंपात पाणी भरून लावा. मागून पाण्याची बारीक धार जोरात आली पाहिजे. थेंब थेंब आली तर इम्पेलर गेलाय नाहीतर वाटेत मीठ साचलंय.
खालच्या गिअरचा स्क्रू जरा सैल करा. तेल काळं आलं तर चालेल. दुधाळ, चहासारखं आलं तर आत पाणी, सील गेली.
दोन सिलिंडरचं कॉम्प्रेशन, म्हणजे आतला दाब, मोजायला लावा. दोन्हींत दहा टक्क्यांपेक्षा जास्त फरक असेल तर किंमत पाडा किंवा घरी जा.
आणि फळीची उंची मोजा. मशीनचा पाय आखूड (शॉर्ट शाफ्ट) असेल तर साधारण १५ इंच, लांब (लाँग) असेल तर २०. उंच फळीला शॉर्ट शाफ्ट लावलं तर पंखा वर राहतो आणि हवा खातो. मग लोक माझ्याकडे येतात की बोट पळत नाही.

मिशिगनकर
इकडचं सांगतो. २०१७ ला सतरा फुटी जुनी बोट घेतली, ९६ चं मॉडेल, ट्रेलरसकट ४,२०० डॉलर. इकडे बोटीवर बारा आकडी-अक्षरी नंबर कोरलेला असतो, त्यातले शेवटचे दोन आकडे मॉडेलचं वर्ष. तेवढं तपासलं आणि स्वतःवर खूश झालो. इंजिन बोटीच्या पोटात, मोटारीसारखं. विकणाऱ्यानं घराच्या आवारात नळाला पाईप लावून चालवून दाखवलं, आवाज गोड.
तळ्यात उतरवली. वीस मिनिटांनी तेलात पाणी. झालं असं होतं की आदल्या हिवाळ्यात इंजिनातलं पाणी काढायचं राहिलं. पाणी गोठलं, फुगलं आणि ब्लॉकला तडा गेला. बाहेरून केसाएवढी रेघ, तिच्यावर रंग मारलेला. दुसरं इंजिन बसवायला बोटीपेक्षा जास्त पैसे मागत होते.
बायको आणि दोन्ही पोरं लाईफ जॅकेट घालून धक्क्यावर उभी होती. धाकटा विचारत होता, "बाबा, आता जायचं ना?" ते अजून आठवतं.
दोन वर्षांनी दुसरी घेतली, आऊटबोर्डवाली. ते उभं ठेवलं की त्यातलं पाणी आपोआप उतरून जातं. थंड मुलुखात राहणाऱ्यांनी जुनी घेताना हाच विचार करावा असं मी सगळ्यांना सांगतो.

वाळूवरची_पावलं
अरेरे. धाकट्याला दुसऱ्या बोटीत पहिल्यांदा कोणी बसवलं?

मिशिगनकर
तोच पहिला बसला. नाळेवर. उतरायलाच तयार नव्हता.

शिवसागर
आमच्याकडे समुद्र नाही, कोयनेचं पाणी आहे. बामणोली-तापोळा भागात पलीकडच्या वाडीला रस्त्यानं जायचं तर अर्धा दिवस मोडतो, त्यामुळे लाँच म्हणजेच आमची गाडी. चुलत्यांनी कोकणातून जुनी फायबर आणली ती गोड्या पाण्यात. मशीन आणताना एक केलं. आधी दोन दिवस पिंपात गोडं पाणी बदलत बदलत चालवलं, आतलं मीठ निघावं म्हणून. पहिल्या पिंपाचं पाणी चक्क खारट लागलं!
आमची अडचण निराळी. मे महिन्यात पाणी इतकं मागे जातं की काठापासून बोटीपर्यंत नुसता चिखल. जड बोट घेऊन उपयोग नाही, चार माणसांनी ढकलता आली पाहिजे. वजन बघूनच घ्या. पोकळीतल्या फोमनं पाणी पिलेलं असेल तर बोट दिसते तेवढीच आणि उचलायला दुप्पट जड.

धोपावे_फेरी
खाडीकाठची ताई, म्हणजे तुम्ही दाभोळ-धोपावे फेरीबोटीच्या जवळपास का? माझं आजोळ अंजनवेल. फेरी नव्हती तेव्हा चिपळूणवरून वळसा घालून यायला लागायचं. फेरीतून उतरताना तो मिसळीचा वास येतो ना!

खाडीकाठची
हो हो, अगदी तिथेच. अंजनवेल म्हणजे गोपाळगडाचे शेजारी तुम्ही. या कधी, करली तळून घालते.

स्वयंपाकघरातून
करलीचे काटे कसे काढता? माझ्याकडे मुलं खातच नाहीत काट्यांमुळे.

खाडीकाठची
काढत नाही, बारीक चिरा पाडायच्या. अगदी जवळ जवळ, मग काटे तळताना कुरकुरीत होतात. व्हिडिओ करून पाठवते.

नंबरप्लेट
विषयाला धरून लिहितो. मशीनवर कंपनीची नंबराची पट्टी असते, बोटीला अडकवायच्या पकडीजवळ. मी घेतलं त्यावरची पट्टी खरवडलेली होती. विकणारा म्हणाला खाऱ्या पाण्यानं गेली. पंचवीस हजारांत चाळीस हॉर्सपॉवरचं मशीन मिळतंय म्हटल्यावर मी पुढे विचारलंच नाही. चार महिन्यांनी पोलीस आले. मशीन शेजारच्या तालुक्यातून चोरलेलं. मशीन गेलं, पैसे गेले, आणि आई तीन दिवस जेवली नाही कारण दारात पोलीस आले होते. पैशांचं मी केव्हाच विसरलो. आईचं विसरत नाही.

चिवला
भावा, वायट वाटला वाचून. आवशीक नमस्कार सांग.

मांडवीपार
गोव्यात बोटींची नोंदणी कॅप्टन ऑफ पोर्ट्सकडे, म्हणजे बंदर खात्याकडे, असते. घेताना मूळ कागद बघाच, झेरॉक्सवर जाऊ नका. बोटीवर रंगवलेला नंबर आणि कागदावरचा नंबर अक्षर न अक्षर जुळवा. महाराष्ट्रात काय पद्धत आहे?

खाडीकाठची
हेच लिहायचं राहिलं होतं. आमच्याकडे मासेमारीची बोट मत्स्यव्यवसाय खात्याकडे नोंदवलेली असते, प्रवासी बोट महाराष्ट्र मेरीटाईम बोर्डाकडे. आम्ही घेतली ती मासेमारीची होती. कागद स्वच्छ, नंबर जुळत होता, आम्ही निर्धास्त. मग कळलं, मासेमारीच्या नोंदणीवर पर्यटक नेता येत नाहीत. सर्व्हे करून घ्यायचा, किती माणसं बसणार ते ठरवून घ्यायचं, तेवढी जॅकेट, चालवणाऱ्याचा परवाना, विमा. पहिला सबंध सिझन बोट दारात उभी आणि आम्ही पाहुण्यांसाठी पुन्हा दुसऱ्याचीच बोट बोलावतोय. दादा रोज संध्याकाळी जाऊन नुसता तिच्यात बसायचा.
बोट कशासाठी हवी ते आधी ठरवा आणि त्याच कामाचे कागद असलेली शोधा. पाच-दहा हजार जास्त गेले तरी परवडतं.
आणि सर्व्हेवाल्यांनी आठ म्हटलं की आठ. नववा कितीही ओळखीचा असला तरी काठावर. यात मी कुणाचं ऐकत नाही.

पाना_पक्कड
नवव्याचं शंभर टक्के बरोबर.
आणखी एक. पेट्रोलमध्ये आता इथेनॉल जास्त येतं. ते पाणी ओढतं आणि टाकीच्या तळाला पाण्याचा थर बसतो. महिनाभर उभ्या मशीनमध्ये जुनं पेट्रोल ठेवू नका, कार्बोरेटर रिकामा करूनच ठेवा. पाणी वेगळं काढणारा फिल्टर लावा. टू-स्ट्रोकला पेट्रोलच्या लिटरला २० मिली तेल, तेही बोटीचं. मोटरसायकलचं नाही.

घेऊ_का_नको
सगळं वाचून काढलं. येत्या रविवारी हर्णैला एक बोट बघायला जायचंय, पंधरा फुटी, ६० हजार सांगतोय. छातीत धडधडतंय. किती वाजता जाऊ?

खाडीकाठची
रविवारी रमा एकादशी. तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. अकराची पाऊणपट सव्वाआठ, म्हणजे सकाळी सव्वाआठच्या सुमाराला भरती. आठला पोचा, मशीन थंड असेल. पाण्यात अर्धा तास तरी फिरवा, दोघं-तिघं बसवून. मग जेवून या आणि दोन-अडीचला परत जा. भांगाचे, म्हणजे कमी भरती-ओहोटीचे दिवस आहेत, पाणी फार लांब जाणार नाही, पण बोट वाळूवर टेकण्याइतकं जाईल. तेव्हा तळाखाली वाकून बघा. फोड, तडे, नव्या रंगाचे ठिपके, सगळं दिसतं.

घेऊ_का_नको
ताई, खूप आभार. नाणं कुठलं घेऊ? हल्लीचं पाचाचं चालेल का?

खाडीकाठची
हल्लीचं हलकं लागतं. जुनं पांढरं जाड पाचाचं मिळालं तर बघा. नाहीच मिळालं तर जाताना आमच्याकडून जा, काकांचं दादाकडे आहे.