मदत हवी आहे: मृत्युपत्रं आणि ट्रस्ट एवढ्यावरच वकिली चालते का?

निळी_शाई

नमस्कार मंडळी,

पुण्यात दिवाणी वकिली करते, अजून सिनियरांच्याच चेंबरला आहे. सरांकडे कामं बहुतेक जागा-जमिनीची: वाटपाचे दावे, मनाई, भाडेकरू. मधूनमधून एखादं मृत्युपत्र, एखाद्या संस्थेचा धर्मादाय कार्यालयातला चेंज रिपोर्ट (विश्वस्त बदलल्याची नोंद) असं काही आलं की ते माझ्या टेबलावर येतं, कारण चेंबरमध्ये बाकी कुणाला त्यात रस नाही. मला मात्र आता तेच आवडायला लागलंय. मिळकत कुणाला जावी, समाजासाठी काही ठेवायचं तर कसं ठेवावं, एवढ्यातच पुढची वकिली करावी असं डोक्यात आहे.

सर म्हणतात, "मृत्युपत्राचे पाच हजार सांगितले तरी लोक कुरकुरतात. त्यावर घर चालवणार का?"

त्यातच मुंबईहून नोकरीची ऑफर आली आहे. एका बँकेच्या ट्रस्टी कंपनीत, श्रीमंत घरांच्या वारसा-नियोजनाचा विभाग आहे. पगार चांगला आहे. पण पूर्णवेळ पगारी नोकरी म्हणजे बार कौन्सिलच्या नियम ४९ प्रमाणे सनद (वकिलीचा परवाना) स्थगित ठेवावी लागणार. शिवाय मुंबईतल्या मृत्युपत्रांना प्रोबेट, म्हणजे कोर्टाकडून मृत्युपत्र खरं ठरवून घेणं, सक्तीचं करणारं भारतीय उत्तराधिकार कायद्याचं कलम २१३ सुद्धा २०२५ च्या डिसेंबरमध्ये रद्द झालं. म्हणजे होतं तेही काम गेलं की काय?

अमेरिकेत या कामाचे वेगळे वकील असतात, आपल्याकडे का नाहीत? की आहेत आणि मलाच माहीत नाहीत? या कामात मुरलेल्यांनी, किंवा ज्यांना असा वकील शोधावा लागला त्यांनीही, कृपया लिहा.

---

ठाणेकर_काका

ताई, हायकोर्टाच्या टेस्टामेंटरी (मृत्युपत्रांच्या) बाजूला बरीच वर्षं काढली आहेत, म्हणून लिहितो.

आधी तुमचा शेवटचा प्रश्न. आपल्याकडेही मृत्यूनंतरच्या मिळकतीवर कर होता. १९५३ चा इस्टेट ड्युटीचा कायदा. मार्च १९८५ मध्ये व्ही. पी. सिंहांनी तो बंद केला. कर गेला आणि त्याच्यावर जगणारं वकिलांचं कामही गेलं. अमेरिकेत कर टिकला, म्हणून तिथे ही शाखा फोफावली. आपल्याकडे ज्यांच्या घरी भांडण व्हायची भीती किंवा मुलं परदेशात, तेच वकिलाकडे येतात. 'कर परत येणार' अशी आवई दर बजेटच्या आधी उठते, तेव्हा खासगी ट्रस्ट करून घ्यायला आणखी थोडे येतात.

प्रोबेटचं म्हणाल तर सक्ती गेली, प्रोबेट नाही. कोर्टाने एकदा प्रोबेट दिलं की मृत्युपत्र खरं की खोटं हा वाद साऱ्या जगापुरता मिटतो. ज्या घरात भाऊ-बहीण बोलत नाहीत तिथे ते घेतलंच जाईल. पुण्यात मिळकत असलेल्यांना तशीही सक्ती नव्हती, तेव्हा तुमच्या ताटातलं काही गेलेलं नाही.

आणि नॉमिनेशन म्हणजे वारसा अशी समजूत आहे तोवर कामाला मरण नाही. शेअर्सच्या नॉमिनीला मालकी मिळत नाही हे सुप्रीम कोर्टाने शक्ती येझदानी विरुद्ध जयानंद साळगावकर या खटल्यात डिसेंबर २०२३ मध्ये सांगितलं, तरी रोज कोणीतरी "पण नॉमिनी तर मी आहे" म्हणत येतोच.

सरांचं पाच हजारांचं गणित बरोबर आहे. नुसत्या मसुद्यावर पोट भरत नाही. ते भरतं त्यानंतरच्या कामावर.

---

कृष्णाकाठ

मी वकील नाही. साताऱ्याकडच्या एका शिक्षण संस्थेचा सचिव आहे, बिनपगारी. तेव्हा अशिलाच्या खुर्चीतून लिहितो.

निळी_शाई ताई, तुमच्यासारखी व्यक्ती आम्ही शोधतोय आणि मिळत नाही. आमचे सीए संस्थेची आयकर नोंदणी (१२एबी) आणि देणगीदारांची करसवलत (८०जी) पाहतात, त्यांना धर्मादायचं काही कळत नाही. वकीलसाहेब धर्मादायचं पाहतात, त्यांना आयकराचं नाव काढलं की खोकला येतो. विश्वस्त वारला की ९० दिवसांत चेंज रिपोर्ट द्यायचा. तो मंजूर होईपर्यंत शेड्यूल वनवर, म्हणजे धर्मादायच्या नोंदवहीतल्या उताऱ्यावर, मेलेल्या माणसाचं नाव तसंच राहतं, आणि बँक म्हणते आम्हाला शेड्यूल वनवरचीच सही पाहिजे. एकदा तर तीन विश्वस्तांपैकी दोघे कैलासवासी आणि तिसरे कॅनडात, अशी स्थिती होती. दर काही वर्षांनी आयकराची नोंदणी नूतनीकरणाला येते. आणि एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा, म्हणजे पाठ झालेले कलमांचे आकडेही गेले.

एक गंमत सांगतो. आमच्याकडे जुन्या काळातली एक ठेव आहे. देणगीदाराने लिहून ठेवलंय, व्याजातून 'वसतिगृहातील होतकरू विद्यार्थ्यांस अभ्यासाकरिता रॉकेल' द्यावे. आता वसतिगृहात रॉकेल कोण जाळतो? पैसा नुसता साचत राहिला. लेखापरीक्षक दरवर्षी शेरा मारायचे. शेवटी एका तरुण वकिलाने सांगितलं की सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याचं कलम ५५ याचसाठी आहे: मूळ हेतू पार पाडणं अशक्य झालं तर त्याच्या जवळच्या हेतूला पैसा वळवायची परवानगी मागता येते. आता त्यातून अभ्यासिकेचं वीजबिल भरावं असा अर्ज टाकलाय. त्या मुलाने फी सांगितली ती आम्ही न कुरकुरता दिली.

---

फंडेबाज

नोकरी घ्या. मी अशाच क्षेत्रात आहे (वकील नव्हे, गुंतवणुकीच्या बाजूला). दोन-तीन वर्षांत जेवढी कुटुंबं, एचयूएफ (हिंदू अविभक्त कुटुंबं), खासगी ट्रस्ट आणि फॅमिली सेटलमेंट बघाल तेवढी चेंबरमध्ये बसून दहा वर्षांत दिसणार नाहीत. सनद नंतर अर्ज करून पुन्हा चालू करता येते. कुणी पळवत नाही ती.

---

ठाणेकर_काका

@फंडेबाज, सनद चालू होते, पण मधली वर्षं वकिलीच्या अनुभवात धरत नाहीत, तेही सांगा की. आणि अशा कंपन्यांत मसुदे बहुतेक वेळा ठरलेल्या साच्यातले असतात. कुटुंबाला ट्रस्ट हवाय की नाही हे ठरायच्या आधीच तो विकायचं टार्गेट ठरलेलं असतं. शिकायला मिळेल हे खरं, पण काय शिकायला मिळेल ते विचारून घ्या. मसुदा स्वतः करायचा की बाहेरच्या लॉ फर्मकडे पाठवायचा? मुलाखतीत हा एवढा एकच प्रश्न विचारा.

---

हडसनकाठी

न्यू जर्सीतल्या इस्टेट प्लॅनिंगच्या एका छोट्या फर्ममध्ये पॅरालीगल (वकिलांच्या मदतीला) आहे. इथलं थोडं.

इथेही केंद्राचा इस्टेट टॅक्स फार थोड्यांना लागतो. २०२६ साठी माणशी दीड कोटी डॉलरपर्यंत माफी आहे, त्यावरच्या रकमेवर ४० टक्के. आमच्या अशिलांतल्या बहुतेकांचं घर आणि निवृत्तीचा फंड मिळून त्याच्या आसपासही जात नाही. तरी फर्म चालते. लोकांना कोर्टाची प्रोबेट टाळायची असते, म्हणून हयातीतला ट्रस्ट करतात. लहान मुलांचे पालक कोण, हेही ठरवून ठेवायचं असतं. दानाचं काम वरच्या थरातलं. एक प्रकार असा की शेअर्स ट्रस्टमध्ये टाकायचे, हयातभर उत्पन्न आपण घ्यायचं आणि उरेल ते संस्थेला. दुसरा म्हणजे डोनर अ‍ॅडव्हाइज्ड फंड: करसवलत आजच घ्यायची आणि कुठल्या संस्थेला द्यायचं ते सावकाश सुचवायचं.

ताई, तुम्हाला यात एक दार दिसतंय का बघा. इथल्या मराठी लोकांना गावच्या शाळेला, दवाखान्याला पैसे द्यायचे असतात, आणि दोन्हीकडचं कळणारा वकील मिळत नाही. भारतीय पासपोर्टवाल्याने आपल्या कमाईतून बँकेमार्फत पाठवलं तर ते विदेशी अंशदान धरत नाहीत. पण अमेरिकन नागरिक झालेल्याचे पैसे, ओसीआय (परदेशस्थ भारतीयाचं) कार्ड असलं तरी, एफसीआरए म्हणजे विदेशी देणग्यांच्या कायद्याखाली येतात. संस्थेला ती नोंदणी नसेल तर ते घेताच येत नाहीत. माझ्या ओळखीच्या एका काकांनी शाळेच्या खोलीसाठी चेक पाठवला आणि मुख्याध्यापकांनी तो हात जोडून परत केला. काका अजून रुसलेले आहेत.

---

मांडवीतीर

गोव्यातलं कोणी अशील आलं तर जपून. आमच्याकडे वारसाहक्काचा २०१२ चा वेगळा कायदा आहे. मुलंबाळं असतील तर अर्ध्याच मिळकतीचं मृत्युपत्र करता येतं, बाकीचं अर्धं वारसांचं. "सगळं देवळाला" असं इथे चालत नाही. आणि वाटणीसाठी इन्व्हेंटरी, म्हणजे मिळकतीची यादी करून वाटपाची वेगळी प्रक्रिया. पुण्याचा मसुदा म्हापशाला घेऊन येणारे बघितलेत.

---

निळी_शाई

सगळ्यांचे मनापासून आभार. काका, तुमचा प्रश्न विचारला. उत्तर आलं की मसुदे बाहेरची फर्म करते, मी 'कुटुंबांशी समन्वय' बघायचा. म्हणजे काय ते कळलं.

आता एक खरं काम अडलंय, त्यावरही मत द्या. नावगाव बदलून लिहिते. निवृत्त जोडपं, मूलबाळ नाही. कोथरूडला दोघांच्या नावावर सदनिका. काकू स्वतः नोकरीत होत्या, निम्मे पैसे त्यांचे. दोघांच्या पश्चात ती सदनिका कोकणातल्या त्यांच्या गावच्या शाळेला द्यायची, मुलींच्या वसतिगृहासाठी. काकांनी स्वतःच फुलस्केपवर लिहून आणलंय: 'आमची सदनिका आमचे पश्चात गावच्या शाळेस द्यावी.' खाली दोघांच्या सह्या, साक्षीदार कोणी नाही. काकू म्हणाल्या, "एवढं स्पष्ट लिहिलंय, आता तू अजून काय करणार?" काकांना शिवाय ८०जीची सवलत मिळेल अशी आशा आहे.

---

ठाणेकर_काका

अहो, हेच तर काम! सरांना दाखवा हा कागद.

पहिलं म्हणजे एक कागद नको, दोघांची दोन स्वतंत्र मृत्युपत्रं करा. प्रत्येकाला दोन साक्षीदार, आणि तेही वयाने लहान. पुढे वाद झाला तर त्यातला एक तरी कोर्टात उभा राहायला हवा. काका ऐंशीच्या घरात असतील तर डॉक्टरचा दाखला त्याच दिवशीचा. नोंदणी ऐच्छिक असली तरी करून घ्या, मृत्युपत्राला मुद्रांक शुल्क लागत नाही.

काकूंचं मृत्युपत्र जास्त महत्त्वाचं आहे आणि तेच लोक टाळतात. त्या मागे राहिल्या आणि मृत्युपत्र नसेल, तर हिंदू वारसा कायद्याच्या कलम १५ प्रमाणे त्यांच्या स्वकमाईचा हिस्साही आधी नवऱ्याच्या वारसांकडे जातो. म्हणजे दिराची मुलं. काकूंच्या सख्ख्या बहिणीला काही नाही. हे त्यांना सांगा, मग 'तू अजून काय करणार' विचारणार नाहीत.

आता 'गावच्या शाळेस'. शाळा ही कायद्याने व्यक्ती नाही. शाळा चालवणारी संस्था आहे, तिचं नोंदलेलं पूर्ण नाव आणि नोंदणी क्रमांक घाला. संस्था बंद पडली किंवा तिने नाकारलं तर दुसरी कोण, तेही लिहा. नाहीतर कृष्णाकाठांच्या रॉकेलसारखं व्हायचं.

आणि खरी मेख पुढे आहे. सदनिका संस्थेच्या नावावर चढली की ती विकायला त्याच सार्वजनिक विश्वस्त कायद्याच्या कलम ३६ खाली धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. तीन वर्षांहून जास्त मुदतीने भाड्याने द्यायची तरी लागते. कोकणातली संस्था कोथरूडच्या सदनिकेचं करणार काय? विकणारच. मग परवानगीला हेलपाटे. त्यापेक्षा मृत्युपत्रात व्यवस्थापक (मृत्युपत्र अमलात आणणारा) नेमा आणि त्याने सदनिका विकून, खर्च आणि कर वजा जाता रक्कम संस्थेला वसतिगृहाच्या कॉर्पससाठी (कायम निधीसाठी) द्यावी असं लिहा. विक्रीवरच्या कराचं सीएकडून तपासून घ्या.

८०जी विसरायला सांगा. ती सवलत पैशातल्या देणगीला असते, वस्तू किंवा जागेला नाही. आणि काका नव्या करप्रणालीत असतील तर पैसे देऊनही नाही. मृत्यूनंतर दिलेल्या दानाची सवलत तर त्यांच्या विवरणपत्रात येणारच नाही.

---

निळी_शाई

काका, कलम ३६ चं डोक्यातच आलं नव्हतं. एक विचारते, याची फी काय सांगायची?

---

ठाणेकर_काका

दोन मसुदे, संस्थेची कागदपत्रं तपासणं आणि नोंदणीला हजर राहणं, असं फोडून सांगा. नुसतं 'मृत्युपत्राचे' म्हणालात की पाच हजारच ऐकू येतात. नोंदणी लगेच करायची नसेल तर मृत्युपत्र बंद लिफाफ्यात जिल्हा निबंधकांकडे जमा करायचीही सोय आहे, तेही त्यांना सांगून ठेवा.

बाकी जाहिरात आपल्याला करता येत नाही, ते माहीतच आहे. ज्येष्ठ नागरिक संघात बोलायला बोलावलं तर जा. सीए लोकांशी ओळख वाढवा. आयकराच्या ट्रस्टवाल्या प्रकरणाचा एखादा सीए गाठून त्याच्याकडे शनिवारी बसा, तो तुम्हाला पाठवेल आणि तुम्ही त्याला. मुंबईच्या नोकरीत हे मिळणार नाही.

---

फंडेबाज

पगार मिळेल ना पण. 🙂

---

निळी_शाई

तो हिशेब मांडूनच बसलेय. सरांशी आज बोलले. चेंबरमधलं धर्मादायचं सगळं काम मी माझ्या वकीलपत्रावर घ्यायचं आणि फी अर्धी-अर्धी, इथपर्यंत आले आहेत. बँकेला सोमवारी कळवायचंय.

कृष्णाकाठ, तुमच्या संस्थेचं कॅनडावाल्या विश्वस्तांचं मिटलं का?

---

कृष्णाकाठ

कुठलं मिटतंय! नोंदणी क्रमांक आणि शेड्यूल वनची नक्कल व्यनि (खासगी निरोप) करतो. वार्षिक सभेचं इतिवृत्त पण लागेल ना? ते मराठीत आहे आणि अक्षर माझंच आहे, एवढं आधीच सांगून ठेवतो.