सुपर बोल संपल्यावर: तुमच्या घरचा संघ कोणता, आणि तो घरात कोणी आणला?

९ फेब्रुवारी २०२५. न्यू ऑर्लिन्सला सुपर बोल, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या हंगामाचा अंतिम सामना, झाला आणि फिलाडेल्फिया ईगल्सनी कॅन्सस सिटी चीफ्सना ४०-२२ असं हरवलं. सलग तीन सुपर बोल आजवर कुणालाच जिंकता आलेले नाहीत, चीफ्सनाही नाही जमलं. हाफटाइमलाच २४-० झाल्यामुळे आमच्याकडे जमलेली मंडळी सामना सोडून एकमेकांना प्रश्न घालायला लागली, आणि तेच जास्त रंगलं. वाढदिवसाच्या दिवशी टचडाउन (चेंडू घेऊन गोल लाइन ओलांडणं) कोणी केला? (कूपर डीजीन. बावीस पूर्ण झाले त्याच दिवशी पास अडवला आणि ३८ यार्ड पळत नेला.)

त्या गप्पांत एक गोष्ट लक्षात आली. शेजारच्या अमेरिकन घरांत संघ आजोबांकडून बापाकडे आणि बापाकडून मुलांकडे येतो. आपल्याकडे, इथल्या मराठी घरांत, उलटं. शाळेत जाणारं पोर संघ घरी आणतं, मग आईबाबा त्याचे होतात आणि शेवटी भारतातून आलेले आजी-आजोबा. तुमच्याकडे कसं झालं, ते लिहा. एखादा चांगला प्रश्न असेल तर उत्तरासकट द्या.

*

आम्ही फिलाडेल्फियाजवळ राहतो. मुलगा पहिलीत असताना शाळेत सगळ्यांनी ईगल्सचा रंग म्हणून हिरवं घालून यायचं होतं आणि आमच्याकडे हिरवा शर्टच नव्हता. रात्री दुकानात जाऊन आणला, आमची भक्ती तिथून सुरू झाली. ४ फेब्रुवारी २०१८ ला ईगल्सनी पॅट्रियट्सना ४१-३३ असं हरवून पहिला सुपर बोल जिंकला, तेव्हा सासरे आमच्याकडे होते. ते तरुणपणी कबड्डी खेळलेले. टॅकलला ते पहिल्या दिवसापासून ‘पकड’ म्हणतात आणि सोफ्याच्या कडेवर बसून ‘पाय धर, पाय!’ असं ओरडतात. नियम त्यांना नातवाने शिकवले, जेवणाच्या टेबलावर नाणी मांडून. चार प्रयत्नांत दहा यार्ड, हे त्यांना चटकन पटलं.

त्या सामन्यातला ‘फिली स्पेशल’ हा डाव आजही आमच्याकडे नाण्यांनी मांडला जातो. हाफटाइमच्या थोडं आधी, चौथा डाउन, म्हणजे शेवटचा प्रयत्न, गोल लाइन एका यार्डावर. फील्ड गोल (खांबांमधून किक) मारला असता तर तीन गुण बहुधा मिळालेच असते. पण चेंडू थेट कोरी क्लेमेंटकडे गेला, त्याने तो ट्रे बर्टनकडे टाकला आणि बर्टनने चक्क क्वार्टरबॅक निक फोल्सलाच पास दिला. म्हणजे रोज फेकणारा त्या दिवशी झेलणारा झाला. त्यात फोल्स मुळात राखीव खेळाडू, कार्सन वेंट्झ जखमी झाला म्हणून खेळलेला. सासऱ्यांचा आवडता प्रश्न हाच: ‘पास कोणी दिला?’ सगळे फोल्स म्हणतात. मग ते खूश होऊन ‘बर्टन’ असं सांगतात.

*

बॉस्टन. आमच्याकडे संघ, पॅट्रियट्स, लेकीने आणला. ५ फेब्रुवारी २०१७ ला तिसऱ्या क्वार्टरमध्ये फाल्कन्स २८-३ ने पुढे होते. दुसऱ्या दिवशी सोमवारची शाळा, म्हणून तिला झोपायला पाठवत होतो. ‘बाबा, ब्रेडी आहे अजून,’ असं म्हणून ती जागची हललीच नाही. सामना २८-२८ झाला, ओव्हरटाइममध्ये गेला आणि जेम्स व्हाइटने दोन यार्डांवरून घुसून ३४-२८ केलं. सुपर बोलच्या इतिहासातला तो पहिला ओव्हरटाइम. (दुसरा फेब्रुवारी २०२४, लास व्हेगास, चीफ्स २५, फॉर्टीनाइनर्स २२.)

आमच्या तेव्हाच्या क्वार्टरबॅकला, टॉम ब्रेडीला, २००० साली नव्या खेळाडूंच्या निवडीत (ड्राफ्टमध्ये) १९९ व्या क्रमांकावर निवडलं होतं, हे आता आमच्या नातेवाइकांतही बऱ्याच जणांना पाठ आहे. त्याने जिंकलेले सुपर बोल सात. कुठल्याही एका संघाचे सहाच्या वर नाहीत! माझ्या मते ट्रिव्हियातला हा सगळ्यात सुंदर आकडा आहे, कारण ऐकणाऱ्याला फुटबॉल कळत नसलं तरी त्यातली गंमत कळते.

*

बफलो. इथे शिकायला आलो आणि इथलाच झालो. जानेवारी १९९१ ते जानेवारी १९९४, सलग चार सुपर बोल खेळून चारही हरलेला संघ आमचा, बिल्स. पहिला तर एका गुणाने, २०-१९. शेवटच्या क्षणी स्कॉट नॉर्वूडची ४७ यार्डांची किक खांबांच्या उजवीकडून बाहेर गेली. संघ गावी परतला तेव्हा चौकात जमलेल्या लोकांनी नॉर्वूडच्याच नावाचा घोष केला. माझ्या मुलांना मी जिंकलेल्यांच्या गोष्टींआधी ही सांगतो.

*

सूनबाई टाइप करून देते आहे, शब्द माझे आहेत. मला चेंडू कुठे जातो ते अजूनही नीट दिसत नाही, सगळे एकमेकांच्या अंगावर पडतात. पण माणसं कळतात. फेब्रुवारी २०२३ चा सामना मी पाहिला तो त्या आईसाठी. एक मुलगा जेसन केल्सी ईगल्समध्ये, दुसरा ट्रॅव्हिस चीफ्समध्ये, आणि डोना केल्सी दोन्ही संघांचे अर्धे-अर्धे रंग अंगावर घालून आलेली. सख्खे भाऊ सुपर बोलमध्ये समोरासमोर खेळले ती पहिलीच वेळ म्हणे. धाकट्याच्या चीफ्सनी ३८-३५ ने जिंकलं. सामना संपल्यावर ती आधी कोणाकडे जाईल, यावर आमच्या घरात वाद चालला होता. मी म्हटलं, हरलेल्याकडे. कुठलीही आई तेच करेल, त्यात विचार कसला करायचा?

नातू लगेच म्हणाला, ‘आजी, याच्याआधी दोन भाऊ प्रशिक्षक होते.’ मग त्याने हार्बॉ बंधूंचं सांगितलं. २०१३ साली थोरल्या जॉनचा रेव्हन्स आणि धाकट्या जिमचा फॉर्टीनाइनर्स. ३४-३१, थोरला जिंकला. मध्येच स्टेडियमचे दिवे गेले आणि ३४ मिनिटं खेळ थांबला. दिवे अमेरिकेतही जातात, हे ऐकून मला बरं वाटलं. आता दरवर्षी सामना सुरू व्हायच्या आधी मी नातवाला विचारते, ‘यंदा कोणाचे भाऊ आहेत का रे?’ तो शोधून सांगतो, आणि तेवढ्यावर मी माझा संघ ठरवते.

*

कॅन्सस सिटी. यंदा हरलो, पण एक प्रश्न आमच्याच घरचा आहे. ‘सुपर बोल’ हे नाव सुचलं कोणाला? चीफ्सचे संस्थापक लामार हंट यांना, मुलांच्या ‘सुपर बॉल’ या उसळत्या चेंडूवरून. म्हणजे या खेळाचं नावही पोरांनीच घरात आणलं! पहिला सामना १५ जानेवारी १९६७, लॉस एंजेलिस. ग्रीन बे पॅकर्सनी आम्हाला ३५-१० ने हरवलं. तो दोन चॅनेलांनी एकाच वेळी दाखवला, तरी स्टेडियम भरलं नव्हतं.

*

वरच्या आजींना नमस्कार. डॅलसहून आमच्या बाबांचा प्रश्न देते: हरलेल्या संघातला एकच खेळाडू सुपर बोलचा सर्वोत्तम खेळाडू ठरला, तो कोण? चक हाउली, जानेवारी १९७१, डॅलस काउबॉइज. सामना कोल्ट्सनी १६-१३ ने जिंकला होता. बाबा पुण्याहून पहिल्यांदा आले तेव्हा माझ्या मुलाने त्यांना हा विचारला होता. आता तेच फोनवर पुण्यातल्या मित्रांना विचारतात आणि उत्तर मात्र दुसऱ्या दिवशी देतात.